जुळ्या चेरी

जपानची चेरी म्हटलं की लोकांना फुलं आठवतात. मला फळं आठवतात, आणि अजून राग येतो.

नवरा सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करायचा आणि मी घरात बसून कंटाळायचे. म्हणून जूनमध्ये डोंगरापलीकडच्या एका चेरीच्या बागेत बाइतो धरला, म्हणजे तासावरचं काम. बसनं जायचं आणि शेडमध्ये उभं राहून फळं निवडायची. आदल्या वर्षीचा उन्हाळा भयंकर तापला होता. चेरीच्या कळ्या वर्षभर आधीच धरतात, आणि अशा उष्णतेत धरलेल्या कळीतून पुढच्या वर्षी एका देठाला दोन चिकटलेली फळं येतात. ती पेटीत चालत नाहीत. त्या साली क्रेटमागून क्रेट जुळीच निघत होती. बागेची मालकीण सत्तरीची. ती मुकाट्यानं ती बाजूला सारायची आणि संध्याकाळी त्यातली पिशवीभर माझ्या हातात द्यायची. चवीला उत्तम! निम्मी मी बसमध्येच संपवायचे.

मला तेव्हा दुसरा महिना लागला होता. सोनोग्राफीत दोन जीव दिसले. लगेच पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली. "आई, जुळं आहे! बघ, हा सगळा या चेरीचा प्रताप!"

आमच्याकडे जुळं केळंसुद्धा लेकीसुनांना देत नाहीत. आई भडकलीच. "टाक आधी ते! अगं, नीट बघ तरी. मोठ्यानं धाकट्याला खाऊन टाकलंय."

खरंच, बऱ्याच जोड्यांत एक फळ टपोरं आणि दुसरं त्याला चिकटून सुकलेलं असायचं. "तू आणि तुझी शास्त्रं," म्हणत मी तिच्यादेखत एक जोडी तोंडात टाकली.

पुढच्या तपासणीला एकाचं हृदय थांबलेलं होतं. असं होतं, तुमच्या खाण्याचा किंवा कामाचा काही संबंध नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं. दुसरं आत्ता ठीक आहे, याहून जास्त त्या सांगू शकत नव्हत्या. मला पटलं. विज्ञान शिकलेली बाई मी, न पटून सांगते कुणाला.

आईला फोन केला तो भांडायच्या तयारीनं. तिनं "सांगत होते ना" म्हणायची खोटी, मी तुटून पडणार होते. पण ती म्हणाली, "माझीच जीभ काळी गं. माझ्याच तोंडून गेलं."

"असं काही नसतं, आई!" मी ओरडले. उन्हाळा, कळ्या, डॉक्टर, सगळं सांगितलं. पोरीचं मन राखायला ऐकतात तसं तिनं ऐकून घेतलं. त्यानंतर फोनवर ती बाबांनाच पुढे करायची आणि स्वतः मागे उभी राहायची.

घरात बसवत नव्हतं, म्हणून हंगाम संपेपर्यंत मी बागेत जात राहिले, जुळी वेचत राहिले. दुसरं राहतंय की जातंय या धास्तीनं अर्धमेली झाले होते, आणि मला नेमका आईचाच आवाज हवा होता.

जानेवारीत मुलगी झाली, धडधाकट. आई बाळंतपणाला आली. नातीला पायांवर घेऊन तेल लावलं, न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं. सगळं कसं शांतपणे.

"आई, बोल ना तिच्याशी काहीतरी."

आईनं तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला आणि मानेनंच नाही म्हटलं.