सखूसाठी केलेलं भाषण

आता काय सांगू तुमाला, दोन्ही खांदे भरून आलेत. चहा तुमीच टाका. मी बसल्या बसल्या माझा गाढवपणा सांगते.

गावात दौऱ्यावरचे अंमलदार उतरले की पाटील माझ्या शेजारच्या सखूला वेठीला धरायचा. पायलीपायली ज्वारी दळ, पाणी भर, मजुरीचं नाव न्हाई. त्या खेपेला तर ती महिन्याची बाळंतीण! लेकरू माझ्या घरात रडून राहिलेलं नि आई पाटलाच्या जात्यावर. पेटलेच मी.

गोरेगावच्या मास्तरांनी तहसिलीसाठी अर्ज लिहून दिला. म्हणाले, "यावर बायकांचे आंगठे घ्या. भाषण करा, पण पाटलाचं नाव नको, वेठ हा शब्दही नको. चुगली झाली तर आत घालतील. नुसता काळजाला हात घाला. बायका रडल्या पाहिजेत."

मी चार बुकं शिकलेली, मला काय अवघड! हळदीकुंकवाचं निमित्त करून बायका जमवल्या नि सुरू झाले.

"बायांनो, याच गावात एक बाई हाय. कोंबड्याच्या आधी उठते. दळते, पाणी भरते. लेकरू रडतं, पण हात जात्यावर! ताप आला तरी सुट्टी न्हाई, वर शिव्या! तिला माणूस म्हणायचं का बैल?"

हुंदके सुरू! सगळ्यात मोठा हुंदका माझ्या सुनेचा, गयाचा. मला वाटलं, पोरगी किती मायेची!

तेवढ्यात चंद्राबाई उठली. "काहून गं सरू, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणून राहिली?"

"घरातली? गावाची हाय! तू जुलमाच्या बाजूची का?"

"मी माझ्या सुनेला कधी उपाशी ठेवलं का?"

सून? हिची सून कुठून आली मधीच? मी आवाज आणखी चढवला. "हा जुलूम आजपासून बंद! पटलं त्यांनी आंगठा लावा!"

सासवा तरातरा निघून गेल्या. सुना निघाल्या त्या थेट शाईकडं. पहिला आंगठा गयाचा. लावला नि तिनं माझे पाय धरले.

"आत्याबाई, तुमाला सगळं कळत होतं व्हय? मला वाटायचं, तुमाला दिसतच न्हाई."

आता बोला! "अगं, मी तर सखूचं…" एवढं तोंडापर्यंत आलं. पण बोलले असते तर बाकीचे आंगठे गेले असते नि सखू परत जात्यावर. गिळलं.

"व्हय बाई, कळत होतं."

"मंग उद्याचं दळण कोण दळणार, मावशी?" मागून एका सुनेनं विचारलं. सगळ्या माझ्याकडं बघून राहिल्या.

"मी!" दुसरं काय म्हणणार?

अर्ज गेला. तहसिलीतनं विचारणा आली, एवढे आंगठे बघून पाटील वरमला, सखूची वेठ सुटली. आमचं दळण मात्र तवापासून माझ्याकडं.

काल दळता दळता हात थांबला, तर गया ओसरीवरनं म्हणते, "आत्याबाई, ते भाषण म्हणा की. जातं हलकं जाईल."

म्हटलं. 'कोंबड्याच्या आधी उठते' इथपर्यंतच आले, नि खरं सांगते, मलाच हुंदका फुटला.