खुणेचा डबा

धरणाच्या काठावर त्याला सगळे घुम्या म्हणत. नव्यानं आलेल्याला वाटायचं, हा जन्मापासून असाच असणार. पण जुन्या माणसांना माहीत होतं की एके काळी याच माणसाला ते रेडिओ म्हणत होते. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाच्या होडीला भोक पडलं, कुणाच्या बायकोनं कुणाला काय सुनावलं, हे सगळं तो वजनकाट्यापाशी उभा राहून फुकटात ऐकवायचा, आणि मासे तोलणारा काटेवाला हसता हसता वजन विसरायचा. मग त्याचा थोरला भाऊ धरणात बुडाला आणि रेडिओ बंद पडला. लोक म्हणाले, भावाचं दुःख. लोकांना काय, एक कारण मिळालं की पुरतं.

खरं कारण धरणाचं पाणी दक्षिणेकडं आत शिरलंय त्या फाट्यात होतं, पाण्याखाली, एका मेलेल्या झाडावर.

धरण बांधलं तेव्हा त्या फाट्यातलं रान तोडायचं राहून गेलं. उभं रान तसंच बुडालं. झाडं मेली, पण पडली नाहीत. मोठा मासा त्यांच्या फांद्यांत राहतो आणि जाळीही त्याच फांद्यांत अडकतात. म्हणून काठावर एक रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही, पण लिहिलेल्या कायद्यापेक्षा जास्त पाळली जाते. जाळं झाडाला अडकलं आणि काही केल्या सुटेना, तर वरच्या दोरीला एक रिकामा पांढरा डबा बांधून सोडायचा आणि काट्यावर येऊन सगळ्यांना जागा सांगायची. कारण मागे राहिलेलं जाळं आपलं काम थांबवत नाही, आणि मासा कोण, माणूस कोण, हे त्याला कळत नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याला त्या फाट्यात एक जागा सापडली होती. पंपघराची चिमणी आणि मागच्या टेकडीवरचा दुभंगलेला खडक एका रेषेत आले की तिथं वल्हं थांबवायचं. खाली दोन झाडांच्या मध्ये खोल खड्डा होता आणि त्यात असे मासे, की उचलताना होडी कलायची. सगळ्या गावाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसानं या एका जागेबद्दल मात्र ताकास तूर लागू दिली नाही. थोरल्यालाही नाही. थोरला चिडवायचा, "रेडिओ, आज बातम्यांत काहीतरी गाळतोयस." हा हसून विषय बदलायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग एके दिवशी जाळं त्या झाडाला अडकलं. चांगलं नवं जाळं, वहिनींनी महिनाभर बसून विणलेलं. ओढून पाहिलं, बुडी मारून पाहिलं, सुटलं नाही. रिकामा डबा होडीतच होता. तो हातात घेऊन हा बराच वेळ बसला. डबा बांधला की उद्या सगळा काठ इथं येणार, जागा काट्यावर सांगावी लागणार, आणि मग मूठ उघडी. त्यानं डबा परत होडीत टाकला. स्वतःची समजूत घातली, इथं आपल्याशिवाय येतंय कोण.

तीन आठवड्यांनी थोरला आला. वाऱ्यानं त्याचं जाळं वाहवत आणलं आणि त्याच झाडावर घातलं. थोरला पट्टीचा पोहणारा. अडकलेलं जाळं सोडवायला त्यानं बुडी मारली, जशी आयुष्यात शेकडो वेळा मारली होती. डबा दिसला असता तर मारली नसती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या शोधत होत्या, आणि रिकामी होडी वाहत गेली होती त्या बाजूला शोधत होत्या. हा एकटाच दक्षिणेकडे गेला. तिसऱ्या बुडीत दादा सापडला. उजवा हात कोपरापर्यंत याच्या जाळ्यात गेलेला, पायालाही वेढे पडलेले. यानं सुरी चालवली, माणूस निघेल एवढं आपलं जाळं कापलं आणि भावाला, त्यानं सोडवत आणलेल्या त्याच्या जाळ्यासकट, वर आणलं. काठावर सांगितलं की पाय फांदीत अडकला होता. लोकांनी याची पाठ थोपटली, भावानं भावाला हात दिला म्हणाले. त्या थोपटण्याची जागा त्याला अजून दुखते.

आणि तेव्हाच काटेवाल्यानं विचारलं, "वास येत होता का रे?"

थोरला पूर्वी प्यायचा, ही गोष्ट खरी. दोन वर्षांपूर्वी त्यानं सोडली होती, हीही खरी. पण असला पोहणारा बुडतो कसा, हे लोकांना हवं होतं, आणि उत्तर तयारच होतं. यानं नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याच्या ध्यानात आलं की नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार. त्यानं तोंड मिटलं. मूग गिळून खाली पाहत राहिला. लोकांना त्यातून जे समजायचं ते समजलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या काठाला माहीत झालं होतं की थोरल्यानं पुन्हा बाटली धरली होती. माणूस एकदाच गप्प बसला, आणि मग त्याला पुन्हा बोलायला जागाच उरली नाही.

वहिनी शेजारच्याच खोलीत राहायच्या. दोन्ही घरांत मिळून एक भिंत. याचं लग्न राहूनच गेलं, त्यामुळं जेवणाचं ताट वहिनींकडून यायचं. ताट घेऊन पुतणी यायची आणि हा रोजच्या मासळीतला मोठा मासा त्यांच्या उंबऱ्यात ठेवायचा. वहिनी दारातल्या खिळ्याला दोरी अडकवून जाळी विणत बसत. त्या डावखुऱ्या. सगळ्या काठाच्या बायकांच्या गाठी एका अंगाला कलतात आणि वहिनींच्या दुसऱ्या. पोरंसोरंसुद्धा जाळं हातात घेऊन सांगत, हे काम त्यांचं.

वहिनी नवऱ्यासाठी रडल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्याचा फोटो त्यांनी पत्र्याच्या पेटीत तळाशी पालथा घालून ठेवला होता. पुतणी कधी बापाबद्दल विचारायची, तर म्हणत, शब्द दिला होता, मोडला, विषय संपला.

या वर्षी धरणाचे दरवाजे दुरुस्त करायचे म्हणून पाणी खाली आणायचं ठरलं. कार्यालयाच्या फळ्यावर कागद लागला. काठावरचे लोक कुरकुरले, दोन महिने मासा हलणार म्हणाले. घुम्यानं मात्र तो कागद दोनदा वाचला. पाणी रोज वीतभर उतरू लागलं. काठाशी चिखलाची पट्टी रुंद होत गेली. दक्षिणेकडं एकेका झाडाचं टोक बोटासारखं वर आलं. सुताचं असतं तर जाळं केव्हाच कुजून गेलं असतं. पण हे नायलॉनचं. ते तसंच असणार, वहिनींच्या गाठींसकट, आणि मधोमध माणूस जाईल एवढ्या भोकासकट. त्या फाट्यात कोण अडकून मेलं होतं हे कुणी विसरलं नव्हतं. खाई त्याला खवखवे. तो रोज सकाळी उठून आधी पाणी किती उतरलं ते पाहायचा, मग तोंड धुवायचा.

त्यानं ठरवलं, टोक उघडं पडलं की पहाटे जायचं, जाळं काढायचं, दगड बांधून मधल्या खोल पाण्यात सोडायचं. दगडही निवडून होडीत ठेवला.

त्याच सुमारास पुतणीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची माणसं आली. वहिनींच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. घरातला मोठा माणूस म्हणून हाही खुर्चीच्या टोकावर बसला. मुलाच्या आईनं सरळपणे विचारलं की मुलीचे वडील कशानं गेले. हा जमिनीकडं पाहत राहिला.

वहिनी म्हणाल्या, "दारू पिऊन बुडाले. लपवून काय करायचं? पुढंमागं कळणारच."

पुतणीची मान खाली गेली. मुलाची आई घाईघाईनं दुसरं काही बोलू लागली. ती भली बाई होती, लग्न काही मोडलं नाही. पण पाहुणे गेल्यावर पोरगी मागच्या दारी भांडी घासत बसली, आणि एकच पातेलं तिनं तीनदा घासलं. हा दारातून पाहत होता. आपण कुणाकुणाचं काय घेतलंय, याचा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट अंदाज आला. दादाचा जीव गेला हे तर होतंच. त्याचं नावही आपणच बुडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला. चिमणी आणि खडक एका रेषेत आले. झाडाचं अर्धं डोकं पाण्याबाहेर होतं आणि जाळं त्यावर वाळत घातल्यासारखं लटकत होतं. त्यात माशांचे काटे होते, एका पाणकोंबडीची पिसं होती. जाळं तरंगतं ठेवणारी बुचं अजून जागच्या जागी होती. वहिनींनी ती घरातल्या जुन्या रबरी चपला कापून केली होती. एक तुकडा लहान मुलीच्या चपलेचा होता, एक दादाच्या. टाचेला झिजलेला, कारण दादा पाय घासून चालायचा.

जाळं सोडवायला त्याला तास लागला. दगड बांधला. होडी मधल्या खोल पाण्यावर नेली. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. फक्त ढकलायचं राहिलं होतं. तो तिथं ऊन वर येईपर्यंत बसून राहिला. मग त्यानं दगडाची गाठ सोडली, नुसता दगड पाण्यात टाकला आणि होडी काठाकडं वळवली.

वहिनी दारात विणत होत्या. त्यानं जाळं खांद्यावरून उतरवून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी सवयीनं एक गाठ चिमटीत धरली, मग दुसरी. मग हात फिरवत फिरवत त्या भोकापाशी आल्या. कापलेल्या कडा पाहिल्या आणि हात थांबला.

"दादा यात होता," तो म्हणाला. "जाळं माझं. तीन आठवडे आधी अडकलं होतं. मी डबा बांधला नाही. जागा कळू नये म्हणून."

वहिनींनी विचारलं, "वास येत होता का?"

प्रश्न तोच होता. या वेळी त्यानं मान वर केली.

"नव्हता, वहिनी. थेंबसुद्धा नव्हता."

वहिनींनी भिंतीला पाठ टेकली. "अकरा वर्षं मी त्यांच्याशी भांडत्येय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "रोज. भाजी चिरताना, विणताना. ते बिचारे ऐकून घेत होते."

तो काही बोलणार होता. त्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"गाठी माझ्या आहेत. पण खूण बांधायचं काम तुमचं होतं. जा, काट्यावर जाऊन सांगा. सगळे असतील आत्ता."

सगळे होतेच. टोपल्या रांगेत लागल्या होत्या. घुम्या काट्याशेजारी उभा राहिला, जिथं उभा राहून पूर्वी गप्पा हाणायचा, आणि त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज ऐकून आधी दोघंतिघं हसले, आता रेडिओ लागला म्हणून. मग कुणी हसलं नाही. सांगून झाल्यावर काटेवाला काट्यावरचा मासा उतरवायचा विसरला. वास येत होता का, हा प्रश्न आपला होता, हे त्याला आठवलं असावं. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. माणसं फक्त आपापली टोपली उचलून जरा लांब उभी राहिली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. अकरा वर्षांनी आठवण येऊन माणूस रडतं तसं ते नव्हतं. नुकतीच बातमी यावी तसं होतं. मध्येच पुतणीचाही आवाज त्यात मिसळला. मग पेटीचं झाकण वाजलं, आणि थोड्या वेळानं भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. खिळा ठोकला त्याच भिंतीत, त्यामुळं त्याच्या बाजूचा गिलावा जरासा पडला. त्यानं तो झाडला नाही. ताट आलं नाही. यावं असं त्यालाही वाटत नव्हतं.

सकाळी तो काठावर गेला. पाणी आणखी वीतभर उतरलं होतं. होड्या चिखलात ओळीनं उभ्या होत्या. त्याच्या होडीच्या टोकाला कुणीतरी एक रिकामा पांढरा डबा बांधून ठेवला होता. त्यानं वाकून गाठ पाहिली. ती दुसऱ्या अंगाला कललेली होती.

धरण आता पुन्हा भरलंय. घुम्या रोज जातो, एकटाच. लांबून येणाऱ्या होड्या तो डबा पाहून वळसा घालून जातात. त्यानं तो अजून सोडलेला नाही.