माजी येक हरकत हाय

ज्यांची कशालाच हरकत नसते असे साधुपुरुष जगात असतील, पण माझ्या मामेसासऱ्यांची पहिली हरकत अशा साधुपुरुषांनाच आहे. माझ्या बायकोचे हे मामा वसईच्या खाडीतल्या एका बेटावर राहतात. बेट एवढंसं. मधे भाताची खाचरं, भोवती खारं पाणी आणि पलीकडे जायला पंचायतीची एक बोट. या बेटावर मामांनी हरकत घेतली नाही अशी गोष्ट मला तरी माहीत नाही. देवळाच्या कळसाचा रंग असो, शाळेच्या घंटेचा आवाज असो, नाहीतर मामींनी वालाच्या बिरड्यात घातलेला गूळ असो, मामा आधी घसा साफ करतात, उजव्या हाताचं एक बोट वर करतात आणि शांतपणे म्हणतात, "माजी येक हरकत हाय." आवाज चढत नाही, कपाळाला आठी नसते. आपण समोरच्याचं भलंच करतो आहोत असा त्यांचा चेहरा असतो.

आमच्या लग्नातही ते बोट वर झालं होतं. गोखिवऱ्याच्या एका हॉलमध्ये अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजींनी नुकता सूर लावलेला, आणि मामा पुढे झाले. मुहूर्त सुकतीत येत होता. ओहोटीला बेटावर सुकती म्हणतात आणि पाणी उतरत असताना तिथे कोणी चांगल्या कामाला हात घालत नाही. भटजींनी पंचांग दाखवलं, मामांनी खाडीच्या दिशेला हात दाखवला. हॉलचा मॅनेजर पुढच्या पार्टीच्या नावाने घामाघूम झाला, मी मुंडावळ्या सावरत तसाच ताटकळलो, आणि भरती लागल्याचा फोन बेटावरून आल्यावरच आमच्या डोक्यावर अक्षता पडल्या. आमचा संसार बरा चालला आहे याचं श्रेय मामा अजूनही पाण्याला देतात. माझा त्यात काही हात असेल हे त्यांना मान्य नाही.

ग्रामसभा तर त्यांचं माहेरच. त्यांच्या हरकती ऐकून किती ग्रामसेवक बदली मागून गेले याबद्दल बेटावर निरनिराळ्या कथा आहेत. एकदा पंचायतीने लोकांच्या सूचनांसाठी पेटी लावली, तर तिच्यात निघालेल्या पहिल्याच चिठ्ठीत पेटीची फट बारीक असल्याची मामांची हरकत होती. याचा परिणाम असा झाला की बाकीच्या गावाने हरकत घेणं सोडूनच दिलं. लोक सभेला येत, भिंतीला टेकून बसत आणि पटलं नाही की मामांकडे बघत. घरचा एक माणूस सगळ्यांच्या वतीने उपास करतो, तशातला प्रकार.

असं असताना पंचायतीचा पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा आराखडा आला. गावाच्या वेशीवर कमान होती, रस्त्यावर दिवे होते, सगळं होतं. बोटीसाठी मात्र पहिल्या दोनच वर्षांची तरतूद होती, कारण पुढे पूल होणार. पूल होणार हे बेटावर मामी नवरी होऊन आल्या तेव्हाही ऐकू येत होतं. बोट बंद झाली की स्वतःची होडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी पलीकडच्या दवाखान्यात जायचं कसं, हे आराखड्यात कुठे नव्हतं. मामा-मामींना मूलबाळ नाही. माझी बायको त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिने आमच्या वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटची मागची खोली रिकामी करायला घेतली आणि बोट जाणार असेल तर तुम्ही आमच्याकडेच यायचं, असं मामांना कळवूनही टाकलं.

खरं सांगतो, मला भीतीच वाटली. माझा मामांवर जीव आहे, पण तो मधे खाडी असताना. सकाळचा चहा, पंख्याचा वेग, माझं मोठ्याने पेपर वाचणं, या सगळ्यावर ते बोट रोज वर झालेलं मला दिसू लागलं. आणि दुसरीही एक भीती होती, ती मी बायकोला बोलून दाखवली नाही. सहाव्या मजल्यावर, लिफ्टच्या आवाजात, हा माणूस किती दिवस टिकेल, ही ती भीती.

सभेला मीही गेलो. मतदार नव्हतो, म्हणून शाळेच्या ओट्यावर मागे बसलो. तालुक्याहून आलेले साहेब सारखे पाण्याकडे बघत होते, कारण सुकती लागली की बोट चिखलात बसते. ते भराभर कलमं वाचत होते आणि प्रत्येकाच्या शेवटी "कोणाची हरकत?" असं उरकून टाकत होते. दिवे झाले, मामा गप्प. कमान झाली, मामा गप्प. गावकरी एकमेकांकडे बघू लागले. मग बोटीचं कलम आलं. साहेबांनी विचारलं आणि सगळ्या माना मामांकडे वळल्या. मामांनी उजव्या हाताचं ते बोट डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं आणि ते जमिनीकडे बघत होते.

कारण मला नंतर कळलं. चार दिवसांपूर्वी मामी धक्क्यावरच्या चिखलात घसरल्या होत्या. गुडघे आधीच धरलेले. हिला आता लिफ्ट असलेल्या घरी नेलेलं बरं, असं मामांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बोट चालू राहिली तर ही बेट सोडणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

साहेब "मंजूर" म्हणणार एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक बोट वर झालं. ते मामींचं होतं.

"सायेब, माजी येक हरकत हाय," मामी म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच त्या सभेत बोलत होत्या. "पूल येल तवा येल. तवर बोट पायजे, आन् धक्क्याला पायऱ्या पायजेत." मग त्या मामांकडे वळल्या आणि अख्ख्या गावासमोर म्हणाल्या, "गुडघे माजे हायत. ते कुठं न्यायाचे ते मी ठरवीन."

मग काय, भिंतीला टेकलेलं सगळं गाव एकदम बोलायला लागलं. इतकी वर्षं साठवून ठेवलेल्या हरकती होत्या त्या. ते आटपेपर्यंत पाणी उतरलं, बोट चिखलात बसली आणि साहेबही बसले. मामींनी त्यांना तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण वाढलं. खाडीच्या चिखलातला हा मासा साहेबांनी आधी संशयाने बघितला आणि मग दोनदा मागून घेतला. आराखडा बदलला. बोट पाचही वर्षं ठेवली, पायऱ्या पहिल्या वर्षात आल्या, कमान शेवटच्या वर्षात गेली. साहेबांनी सहीसाठी पेन काढलं तेव्हा मात्र मामांनी घसा साफ केला. सुकतीत सही नको, अशी त्यांची हरकत होती. दिवसातली ती एकच. साहेबांनी चिखलातल्या बोटीकडे पाहिलं आणि पेन खिशात ठेवलं. भरतीबरोबर सही झाली आणि मी इतका मोकळा श्वास घेतला की शेजारचा माणूस वळून बघायला लागला.

पायऱ्या झाल्यावर दोघं चार दिवस आमच्याकडे राहायला आली. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम चहात साखर घातली नाही. मामांनी तो मुकाट्याने पिऊन टाकला. मामी मात्र साखरेचा डबा घेऊनच आल्या. कालवणाला मीठ कमी पडलं, पंखा करकरला, तरी मामा काही बोलले नाहीत. सगळं चांगलं हाय, म्हणाले. मला ते आवडलं नाही. निघायच्या दिवशी ते मागच्या खोलीच्या खिडकीशी बराच वेळ उभे होते. समोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या आणि वाळत घातलेले कपडे. मी जवळ जाऊन म्हटलं, मामा, खोली तुमचीच आहे, केव्हाही या. त्यांनी घसा साफ केला, बोट वर केलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"जावई, माजी येक हरकत हाय," ते म्हणाले. "ह्या खिडकीतून पानी चढतंय का उतरतंय ते कलत नाय."

ते गेल्यावर मी त्या खिडकीशी उभा राहून पाहिलं. खरंच कळत नाही. कधीतरी त्या दोघांना इथे यावंच लागेल, हे मलाही दिसतं, आणि त्यांची ही एवढी एक हरकत कशी दूर करायची, ते मला अजून सुचलेलं नाही.