दुसऱ्याबद्दल नितेशचं मत

रोह्यात एके काळी आम्ही पाच जण 'काटेवाले' होतो. केसांना जेल लावून काटे उभे करायचे, जीन्सच्या खिशाला साखळी लटकवायची आणि संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलावर कुणाकडेही न बघता सगळ्यांना दिसायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. आता मला टक्कल आहे आणि मोबाइलचं दुकान आहे. बाकीचे तिघं सपाट भांग पाडून संसाराला लागले. काटे उरले ते एकट्या नितेशच्या डोक्यावर. तो डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. शिफ्टभर हेल्मेटखाली काटे दबतात आणि गेटबाहेर आल्यावर हा मोटरसायकलच्या आरशात बघून ते पुन्हा उभे करतो. वय अडतीस. कितीदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ.

त्याची दुसरी सवय याहून वाईट. मुखवटा घालून उडणाऱ्या एका वीराचा सिनेमा आम्ही पेणच्या टॉकीजला सात वेळा पाहिला होता. मग त्याचा दुसरा भाग आला आणि नितेशच्या मनाला जे लागलं, ते आजतागायत. तिसरा आला, चौथा आला, परवा पाचवा आला. प्रत्येक वेळी हा पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला हजर आणि संध्याकाळी कोलाड नाक्यावरच्या टपरीवर निकाल जाहीर: पहिल्यासारखा नाही. चहावाल्यालाही तो आता पाठ झालाय.

लग्न काही जमत नव्हतं. केस बघूनच मुलीकडचे उठत. शेवटी माझ्या बायकोने, पिंकीने, तिची मावसबहीण नूतन सुचवली. नूतन जिते गावची, अंगणवाडीत शिकवते, वय पस्तीस. पहिलं लग्न दोन वर्षांत मोडलेलं. दोघं एकदा माझ्या दुकानात भेटली. ती त्याच्या डोक्याकडे बघून पोट धरून हसली आणि हा पठ्ठ्या त्या हसण्यावरच भाळला. "पयलं लग्न झालंय तर झालंय, त्यात काय," एवढं म्हणून त्याने तो विषय डोक्यातून जो काढला, तो खरोखरच काढला. इथेच घात झाला.

रविवारी आम्ही बोलणी करायला जित्याला गेलो. समोर पोह्यांच्या बश्या आल्या. कोपऱ्यात टीव्ही चालू होता, आवाज बंद, आणि त्यावर नेमका तोच मुखवटेवाला, भाग दोन. नितेशची नजर तिकडेच. नूतनचे वडील दिनानाथकाका भिडस्त माणूस. 'घटस्फोट' हा शब्द त्यांनी घरात कधी उच्चारला नसेल. तांब्याशी चाळा करत त्यांनी विचारलं, "तुमच्या कानावर सगळं हायच. तरी एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे. दुसऱ्याबद्दल तुमचं मत काय?"

"दुसऱ्यात काय दम नाय, काका," नितेश टीव्हीकडे बघत म्हणाला. "पयल्याचं उरलेलं गरम करून वाढतात झालं. लोक उगाच फसतात."

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याला वाटलं, मी दुजोरा देतोय. "या अमोलला विचारा. याला तर दुसऱ्यात झोप लागली होती."

काकांनी तांब्या खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला बघवेना. "पोहे खाऊन घ्या," ते म्हणाले, "आणि निघा."

तेव्हा कुठे नितेशची मान वळली. काय झालं ते त्याला कळलं आणि तो पांढराफटक पडला. "काका, मी पिक्चरचं बोलत होतो, आईशपथ." खरं बोललेलंही खोटं वाटावं, अशी ती वेळ होती. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

नूतन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे ठेवून तिने टीव्ही बंद केला आणि नितेशला विचारलं, "दुसरा एवढा वाईट, तर पाचव्यापर्यंत कशाला गेलात?"

"दर वेळी वाटतं, आता तरी बरा असंल." मग मान खाली घालून तो म्हणाला, "खरं सांगू? दुसरा मी नीट बघितलाच नाय. समोर दुसरा चालू आणि डोक्यात पयला."

"माझं तसं नाय. पयल्यातनं मी अर्ध्यावर उठून आले. डोक्यात काय चालू नाय माझ्या." काका तिच्याकडे बघतच राहिले. एवढं ती त्यांच्यासमोर कधी बोलली नसावी. "पण आधीच निकाल सांगणारा मानूस मला शेजारी नको. बघायचं तर शेवटपर्यंत गप बसून बघायचं."

नितेशने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा मत देणार आणि होतं नव्हतं ते घालवणार. त्याने कप उचलला, तोंडाला लावला आणि चहा संपेपर्यंत एक शब्द काढला नाही.

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. "गो नूतन," ते म्हणाले, "आणखी पोहे आण. पाव्हणे बसतायत."