गाडीच्या बॉनेटवरची सही

माझ्या मुलीचा पोर्तुगालचा व्हिसा अडकला आणि तो मी अडकवला होता. हे तिला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. माहीत होतं ते मला आणि माझ्या एका मित्राला, आणि आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशीही बोलत नव्हतो.

मुलगी बॉथेलचीच, म्हणजे अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या आमच्या या गावातली. इथे जन्मली, इथे शिकली, आणि सिएटलच्या एका कंपनीसाठी फोनवरच्या ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. कोविडनंतर तिचं ऑफिस म्हणजे तिचा लॅपटॉप. एका रविवारी ती जेवायला आली आणि कढी वाढून घेता घेता म्हणाली, "मी पोर्टोला मूव्ह करतेय. एक वर्ष. जॉब हाच, फक्त तिथून."

मला वाटलं, सुट्टीला चालली असेल. मग तिने नीट समजावलं. पगार इथला, राहणं तिथलं, अशा लोकांसाठी त्या देशाने लांब मुदतीचा वेगळा व्हिसा काढलाय. त्याला पगाराचे पुरावे लागतात, तिथल्या घराचा करार लागतो, पोलिसांचा दाखला लागतो. आणि कंपनीचं पत्र, की हिने परदेशातून काम केलं तर आमची हरकत नाही.

"इथला व्हिसा मिळावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो," मी म्हणालो, "आणि तू इथून दुसरीकडचा मागतेस?"

"तू पण मूव्ह केलंसच ना, बाबा."

"आम्ही पोटासाठी आलो."

"आई म्हणते तुला स्नो बघायचा होता."

"आणि आलो पावसात," बायको म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसलो.

मला पोर्टोची भीती नव्हती. मी स्वतः पुण्याहून निघताना वडिलांना "दोन वर्षांत येतो" असं सांगितलं होतं. त्यामुळे 'एक वर्ष' म्हणजे किती, हे मला चांगलं ठाऊक होतं. वडिलांनी अडवलं नाही. माझी बॅग बांधायला सुतळी आणून दिली आणि गाठ पक्की आहे का ते दोनदा ओढून पाहिलं. मला त्यांच्यासारखं वागता आलं असतं.

गुढीपाडव्याचा कार्यक्रम इथल्या मराठी मंडळाने एका शाळेच्या कॅफेटेरियात ठेवला होता. तिथे श्रीखंडाच्या रांगेत तो मित्र पुढे उभा होता. नागपूरचा. एकेकाळी आम्ही कारपूल करायचो. आता तो मुलीच्याच कंपनीत, तिच्या विभागाचा प्रमुख. मुलगी लहानपणापासून त्याला काका म्हणते.

"काय बे, पोरगी चालली म्हणे युरोपात," तो म्हणाला. "तिचं पत्र आलंय माझ्याकडे. सोमवारी सही करून टाकतो."

"राहू दे ना थोडे दिवस."

"म्हणजे?"

"घाई कशाला? तिचं मन बदलेल."

"अरे, ऑफिसचं काम आहे ते."

"मुलगी माझी आहे. काही आठवडे फक्त. एवढं कर माझ्यासाठी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या ताटाकडे. "बघतो," म्हणाला. आपल्या लोकांत 'बघतो' म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. वशिला लावून मुलांना पुढे ढकलणारे बाप मी पाहिले होते. मागे खेचायला वशिला लावणारा मीच असेन.

पत्र कंपनीच्या टॅक्सवाल्यांकडे अडकलंय, असं तिला सांगण्यात आलं. वकिलातीतली अपॉइंटमेंट हुकली. पुढची तारीख मिळेना. पोर्टोमधलं घर, ज्याच्या खिडकीचा फोटो ती सगळ्यांना दाखवत होती, ते दुसऱ्या कुणाला गेलं. सिएटलचं अपार्टमेंट तिने आधीच सोडलं होतं. मे महिन्यात ती खोकी घेऊन आमच्या घरी आली आणि स्वतःच्या जुन्या खोलीत राहू लागली.

"काका किती स्वीट आहेत," एकदा ती म्हणाली. "रोज फॉलो-अप करतायत." मी उठून डिशवॉशर रिकामा केला. त्यातली भांडी अजून धुतलेली नव्हती.

खरं सांगायचं तर तो उन्हाळा आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा उन्हाळा होता. रोज संध्याकाळी तिचं काम संपलं की आम्ही तिघं नदीकाठच्या पायवाटेवर फिरायला जायचो. ऑगस्टमध्ये तिथे ब्लॅकबेरी पिकतात. काट्यांतून हात घालून ती वाटीभर काढायची आणि निम्म्या चालता चालता संपवायची. आईकडून थालीपीठ थापायला शिकली. माझ्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, आणि मी इतकी वर्षं डोळे बारीक करून वाचत होतो म्हणून मला ओरडली. त्या संध्याकाळींसाठी मी कृतज्ञ आहे. त्या मी चोरलेल्या होत्या, तरीही आहे. हे दोन्ही मनात एकत्र कसं ठेवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

शेवटी पत्र मित्रानेच सोडवलं. मला विचारलं नाही, फक्त फोन करून सांगितलं. "आज सही केली. त्या पोरीला तोंडावर खोटं सांगणं नाही होत बे आता माझ्याच्यानं." मी त्याचे आभार मानायला हवे होते. तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो.

व्हिसा आला आणि पानं गळायच्या सुमारास ती गेली.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येऊ लागला. तिकडे तेव्हा संध्याकाळ. ती भाजी चिरत बोलायची, आम्ही चहा घेत ऐकायचो. खालच्या मजल्यावरची म्हातारी तिला सूप आणून द्यायची. गॅलरीत कपडे वाळत घालायला ती शिकली होती आणि ही युक्ती आम्हाला नव्याने समजावून सांगायची. त्या कॉलची मी आठवडाभर वाट पाहायचो. खरं सांगितलं तर तो बंद होईल, म्हणून गप्प राहायचो.

मग एका शनिवारी ती जरा दमलेली दिसली. व्हिसावर आत गेल्यावर तिथे राहण्याचा परवानाही काढावा लागतो. त्यासाठी ती आदल्या दिवशी सकाळपासून सरकारी कचेरीत बसली होती.

"बाबा, तिथे सगळ्यांच्या हातात फाइल होती आणि सगळे घाबरलेले होते. माझी फाइल बरोबर होती, तरी मी घाबरले. तू असा कितीदा बसलास?"

"बरेचदा."

"मला इथे येईपर्यंत कधीच बसावं लागलं नाही. तुझ्यामुळे. थँक यू हं. आधी कधी म्हणालेच नव्हते."

बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, मला भरून आलंय.

त्या दिवशी मला माझा इथला पहिला मॅनेजर आठवला. माझ्या व्हिसाची मुदत वाढवायची होती आणि अर्जाला त्याची सही हवी होती. तो सुट्टीवर निघाला होता. मी कागद घेऊन पार्किंग लॉटमध्ये धावलो. गाडीत त्याची बायको-मुलं बसलेली, टपावर तंबूचं सामान, बारीक पाऊस. तो खाली उतरला, कागद बॉनेटवर ठेवला, भिजू नये म्हणून वर स्वतःचं जाकीट धरलं आणि सही केली. म्हणाला, तुझी बायको काळजीत असेल, तिला आधी फोन कर. त्या वेळी बायकोच्या पोटात हीच मुलगी होती. त्या सहीवर आमचं इथलं सगळं उभं आहे. तो कुठे असतो मला माहीत नाही, पण त्याची आठवण आली की मी अजून मनातल्या मनात हात जोडतो. आणि तसलीच एक सही मी श्रीखंडाच्या रांगेत उभं राहून अडवली होती.

डिसेंबरात ती दोन आठवड्यांसाठी घरी आली. मी एकटाच विमानतळावर आणायला गेलो. बायको म्हणाली होती, मीही येते. मी म्हणालो, तू पोळ्या कर.

तिने परवान्याची बातमी लिफ्टमध्येच सांगितली. परवाना मिळाला होता, ती ठरल्यापेक्षा एक वर्ष जास्त तिथे राहणार होती. "यू ओके विथ दॅट?" असं विचारून ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी हो म्हणालो आणि ते खरं होतं. पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचलो. तिने बॅगा डिकीत टाकल्या आणि पुढे येऊन हात पसरला.

"चावी दे, बाबा. मी ड्राइव्ह करते."

चावी माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही. गार बॉनेटवर हात टेकून उभा राहिलो.

"तुझं ते पत्र टॅक्सवाल्यांकडे कधीच अडकलं नव्हतं," मी म्हणालो. "मी अडवलं होतं. काकांना मीच सांगितलं, त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनीच ते शेवटी सोडवलं. ते खिडकीवालं घर माझ्यामुळे गेलं. तू परत येणार नाहीस याची मला भीती वाटली. त्या उन्हाळ्यात तू घरी होतीस आणि मी खूश होतो, हेही सांगायला हवं. तू मला थँक यू म्हणालीस, तेव्हाच हे सांगायचं होतं, धीर झाला नाही. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."