मावशीच्या दगडावरचं ऊन

सूर्याला कामाला लावणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझे मावसाजी आहेत. आमगावात त्यांचं नळ-पाइपांचं दुकान. मावशी गेल्यावरच्या रिकाम्या दुपारी त्यांनी मोबाईलवर पाहिलं, की हजारो वर्षांपूर्वी स्पेन-पोर्तुगालातले लोक मेलेल्यांसाठी प्रचंड दगडांच्या खोल्या बांधत आणि दार असं ठेवत, की ठरल्या दिवशी उगवतं ऊन थेट आत शिरावं. झालं! दुकानाचा गल्ला फिरला, खाट फिरली. गाय पूर्वेकडे तोंड करून बांधली गेली. ती वळली की हे गोठ्यात जाऊन तिला समजावत. भाचीच्या लग्नात यांनी स्टेज सूर्याकडे फिरवायला लावलं, आणि नवरदेव प्रत्येक फोटोत मावळतीच्या उन्हाने डोळे मिटून उभा.

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस. ही अंधश्रद्धा आहे, असं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मी सूर्याले काही मागून राहिलो का? फक्त येजो म्हनलं." हातातलं पत्रक मी घडी करून खिशात घातलं. आणि वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून चांगला संडास पाडून त्याचं तोंड फिरवणारे लोक मावसाजींना येडा म्हणतात, याचा मी इथे जाहीर निषेध करतो.

शेवटी त्यांनी कामठ्याकडच्या आपल्या शेतात, धानाच्या बांधीशेजारी, ट्रॅक्टरने दगड आणून तशी खोलीच उभी केली. आत मागच्या भिंतीशी मावशीच्या नावाचा दगड. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी पहिलं ऊन त्याच्यावर पडलं पाहिजे, एवढाच हट्ट. शेवटचे महिने मावशी दवाखान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत होती, आणि रोज सकाळी विचारायची, ऊन निघालं का.

त्या सकाळी अर्धं गाव मजा बघायला जमलं. सूर्य निघाला, ऊन आत शिरलं, आणि दगडाच्या हातभर डावीकडे मातीवर पडलं.

"काकाजी, तुमचं ऊन तं चुकलं जी," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

मावसाजींनी दाराची दिशा स्पेनची घेतली होती. तिथला हिवाळी सूर्य आपल्यापेक्षा जास्त दक्षिणेला उगवतो. हे मी तिथेच, सभेतल्या आवाजात, सांगून टाकलं. मावसाजी मातीवरच्या उन्हाकडे पाहत राहिले.

"सांगतल्या जागी तुही मावशी कधी बसली का?" ते म्हणाले, आणि दगडाला खांदा लावला.

मीही लावला. हसणारेही आत घुसले. ऊन सरकायच्या आत दगड सरकला. मग सगळे बाहेर आले, मावसाजी तेवढे आत राहिले. दगडावर हात ठेवून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं ते हळूच म्हणाले, "निघालं वं."