मल्लिनाथनं मला आरोपी केलं

मल्लिनाथ स्वामी गेल्याची बातमी मला त्याच्या घरून कळली नाही. उमरग्याच्या बसस्थानकात उभा होतो, तेव्हा एका औषध दुकानदाराचा फोन आला. "तुमचे स्वामीसाहेब पहाटे गेले की हो. झोपेतच. वकील म्हणतोय, आता केसमधी दम राहिला न्हाय. सुटलो बघा आपण!" तो 'आपण' ऐकून मी फोन कापला. कारण तो खोटं बोलत नव्हता. बनावट औषधाच्या त्या खटल्यात तो पहिला आरोपी आणि मी दुसरा. आणि खटला भरणारा औषध निरीक्षक मल्लिनाथ, माझा शाळेपासूनचा मित्र.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरला पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची. तिथं आम्ही एका सतरंजीवर बसायचो. पुढं दोघांनीही औषधशास्त्र घेतलं. तो पदवी करून, परीक्षा देत निरीक्षक झाला. मी पदविकेवर थांबलो आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून गावोगाव फिरू लागलो. बरेच जिल्हे पालथे घालून तो धाराशिवला आला, तेव्हा मला कोण आनंद झाला होता... तपासणीला गेला की दुकानातला चहासुद्धा घ्यायचा नाही, पाण्याची बाटली पिशवीत. एकदा उमरग्याला एका लग्नात आम्ही जेवायला बसलो, तर शेजारचे दोन औषधविक्रेते पत्रावळी उचलून दुसऱ्या पंगतीला गेले. मल्लिनाथ हसला. म्हणाला, "तू बस रे मध्या. तुझं कुठं काय लपलंय?" मी बसलो. पण माझं लपलेलं होतं. माझं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र मी फोन करणाऱ्या त्या दुकानदाराच्या महामार्गालगतच्या दुकानाला वापरायला दिलं होतं. भिंतीवर माझा फोटो, माझं नाव. कायद्यानं फार्मासिस्टनं दुकानात बसायला हवं, पण आत मी कधीच नाही. असं कितीतरी जण करतात, म्हणून मला त्यात काही वाटतही नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी तो घरी आला. पाणीही न घेता त्यानं मोबाईलवर त्या प्रमाणपत्राचा फोटो दाखवला. "हे तुझंच ना?"

"व्हय."

"तितं बसतोस कधी?"

"तुला म्हाईतंय की सगळं..."

"मला काय म्हाईत न्हाय. तू सांग."

मी सांगितलं. तो म्हणाला, "गाडीवर बस." एका वस्तीवर नेलं. बाळंतपणानंतर ताप चढलेल्या एका बाईला त्या दुकानातून जंतुसंसर्गावरच्या गोळ्या दिल्या होत्या. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, गोळ्यांत नुसती पावडर होती, औषध नव्हतंच. सोलापूरला नेईपर्यंत विष अंगभर पसरलं. जीव वाचला, गर्भाशय काढावं लागलं. ती दारात बसली होती, वय पंचविशीच्याही आतलं. माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "तुमीच न्हवं का ते, भितीवरल्या फोटूतले? म्या आमच्या मालकास्नी म्हणलं, शिकल्याला मानूस हाय दुकानात, हितनंच घ्या." राग नव्हता तिच्या बोलण्यात. असता तर बरं झालं असतं.

परतताना मल्लिनाथनं कडेला गाडी थांबवली. "तुझं नाव घालावं लागंल."

मी त्याचा हात धरला. "एवढं एकदा सोड मला."

त्यानं हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "घरीच म्हणला असतास तर सोडलंही असतं रे. म्हणून तर आधी तिच्या दारात गेलो. तुला दाखवायला न्हाय... मलाच माघारी फिरता येऊ नये म्हणून."

हे वाक्य कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा फक्त संताप आला. जामीन, तारखा, गावातली कुजबुज... मी त्याच्याशी बोलणं तोडलं. त्याची साक्ष झाली, पण उलटतपासणी राहिली, आणि ती लांबवायचा डाव आमच्या वकिलांनी मांडला. मीही त्यात हातभार लावला. एका तारखेला ओळखीच्या डॉक्टरकडून आजारपणाचा खोटा दाखला आणून दिला. तो कागद मल्लिनाथनं वाचला असणार. पुढच्या तारखेला कोर्टाच्या फाटकाशी भेटला, म्हणाला, "तब्येत बरी हाय का आता?" मी मान वळवून निघून गेलो. त्याच्या स्वतःच्या छातीत तेव्हा दुखत होतं, हे मला तो गेल्यावर वहिनींकडून कळलं. भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तारखेवरून आले की केसचं काही बोलायचे नाहीत. फक्त म्हणायचे, मध्या वाळलाय गं."

तो गेल्यानंतरची पहिली तारीख गेल्या आठवड्यात होती. वकिलांनी आधीच समजावलं, "उलटतपासणी झाली नाही, साक्ष टिकणार नाही. तुम्ही फक्त गप्प बसा." पहिला आरोपी नवा शर्ट घालून आला होता. पुकारा झाला. मल्लिनाथच्या जागी आलेल्या तरुण निरीक्षकानं सांगितलं, "साक्षीदार मयत आहेत." मी उभा राहिलो. वकिलांनी बाही ओढली. म्हणालो, "साहेब, प्रमाणपत्र माझं आहे. दुकानात मी एक दिवसही बसलो नाही. गुन्हा मला कबूल आहे. आजारपणाचा दाखलाही खोटा होता." न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव? नाही, म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं, दुसरा वकील करून विचार करायला पुढची तारीख दिली. मी त्या तारखेलाही हेच सांगणार आहे. नोकरी गेली आहे, घरात बायको बोलत नाही. यानं त्या बाईचं काय भरून निघतं, हे मला सांगता येत नाही... आणि मल्लिनाथ असताना मला हे जमलं नाही.

सगळे बाहेर पडले तेव्हा कारकून मुद्देमाल आवरत होता. त्यात लाखेची मोहर लावलेलं एक खाकी पाकीट होतं, जप्त गोळ्यांचं. बंद केलेल्या कडेवर मल्लिनाथची आडवी सही, ठळक, प्रत्येक अक्षर सुटं, घाई नसलेलं. मी तिथंच थबकलो. कारकून म्हणाला, "ओळखता का सही? ते गेले, आता ती त्यांचीच आहे हे कुणीतरी सांगावं लागेल."

"ओळखतो," मी म्हणालो. "हवं तर तसं लिहून देतो."